वसंतराव देशपांडे ऐकायला सुरुवात कुठून करू?

'कट्यार काळजात घुसली' या संगीत नाटकातले वसंतरावांचे खाँसाहेब ऐकल्यापासून वेड लागलंय. वसंतराव मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरीला होते हे खरंय का? आणि पुढे काय ऐकू?

प्रतिसाद १: हो खरंय, कितीतरी वर्षं ऑफिस सांभाळून गायले, 'कट्यार' १९६७ ला आलं तेव्हा ते ४७ वर्षांचे होते, एवढ्या ताकदीच्या गवयाला नाव मिळायला इतका उशीर व्हावा याचं फार वाईट वाटतं.

प्रतिसाद २: आधी त्यांचा मारवा राग ऐका. लाहोरला त्यांचे गुरू असद अली खाँसाहेबांनी तो एकच राग त्यांच्याकडून महिनोन्‌महिने घोटून घेतला होता. तान कुठून उठेल पत्ताच लागत नाही!!

प्रतिसाद ३: 'कट्यार'मधलं 'घेई छंद मकरंद' हे पद दोन्ही चालींत लागोपाठ ऐका. नाटकातले खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी गवई पंडितजी यांची संथ, खाँसाहेबांची जलद, शब्द तेच. संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी चालीतूनच दोन घराणी समोरासमोर उभी केलीयत.