एपीआरएस: नेटवरनं टिपका दिसतो, हँडीवरनं का दिसत नाही?

कृष्णाकाठ_सांगली:
नमस्कार मंडळी, नुकतंच हॅम रेडिओचं व्हीयू३ लायसन हातात आलंय. एपीआरएस म्हणजे रेडिओवरनं आपली जागा आणि छोटे मेसेज पाठवायची सिस्टीम, त्यासाठी मोबाईलवर एपीआरएसड्रॉइड ॲप टाकलं, पासकोड घातला आणि एपीआरएस डॉट एफआय या मॅपच्या साईटवर विश्रामबागेत माझा कॉलसाईन (स्टेशनचं नाव) लगेच दिसला. पण तोच मोबाईल केबलनं ५ वॉटच्या हँडीला (हातातल्या रेडिओला) जोडला तर पेठ नाक्यापासनं कराड, उंब्रज करत साताऱ्यापर्यंत एक टिपका उमटला नाही. हँडी गंडलाय का? आणि नेटवर दिसतंयच तर रेडिओचा खटाटोप कशाला, घरचे पण हेच विचारतायत. घेतलं होतं पुराच्या वेळी उपयोगी पडंल म्हणून.

अजिंक्यतारा_७३:
हँडीला लगेच दोष देऊ नका राव. रेडिओवरनं सुटलेलं पॅकेट मॅपवर यायला ते कुठल्या तरी आयगेटला ऐकू जावं लागतं, म्हणजे एका बाजूला रिसीव्हर आणि दुसऱ्या बाजूला इंटरनेट असलेलं स्टेशन. हायवेला तुमच्या टप्प्यात आयगेट नाही, ऐकलेलं पॅकेट पुढं परत सोडणारा डिजिपीटर पण नाही, तर पॅकेट हवेत सुटलं आणि विरलं, कुणी ऐकलं का नाही हे तुम्हाला कळणारच नाही कारण पोझिशनच्या पॅकेटला पोच नसते, पोच फक्त मेसेजला मिळते. नेटचा टिपका आणि रेडिओचा टिपका मॅपवर सारखाच दिसतो, सगळे तिथंच फसतात. साईटवर रॉ पॅकेट उघडून बघा, त्यात टीसीपीआयपी आणि क्यूएसी अशी अक्षरं असली तर ते नेटनंच गेलंय, क्यूएआर किंवा क्यूएओ असलं तर कुणीतरी हवेतनं ऐकलंय.
फ्रिक्वेन्सी इथल्या जुन्या हॅमना विचारूनच टाका. अमेरिकेत १४४.३९० मेगाहर्ट्झ आहे, युरोपात १४४.८००, आणि लोक यूट्यूब बघून कायपण टाकतात.

मिरज_जंक्शन:
व्हॉक्सवर (आवाज आला की हँडी आपोआप ट्रान्समिट करतो, त्यावर) चालवताय काय? मग प्रिॲम्बल (पॅकेटाच्या आधीचा टोन) वाढवा, हँडी ट्रान्समिटला जाईस्तोवर पॅकेटाचं मुंडकं उडतं आणि उरलेलं कुणालाच डिकोड होत नाही. आवाज पण फुल ठेवू नका, १२०० बॉडचे टोन फाटतात.

कृष्णाकाठ_सांगली:
व्हॉक्सच आहे दादा, आज बघतो. पण पुरात नेटच गेलं तर आयगेट पण बंद, मग काय उपयोग?

अजिंक्यतारा_७३:
उलट तेव्हाच खरा उपयोग. आयगेट नसला तरी समोरच्या हॅमचा रेडिओ तुमचं पॅकेट थेट ऐकतो आणि त्याच्या मोबाईलवर तुमचा टिपका उमटतो, फक्त ऑफलाईन मॅप आधी भरून ठेवायचा. बॉब ब्रुनिंगा, ज्यांनी हे काढलं, ते पण सांगत राहिले की ही नुसती गाडी शोधायची सिस्टीम नव्हे, आसपास काय चाललंय ते सगळ्यांना एकदम कळावं म्हणून आहे. २०१९ सारखं पाणी आलं, लाईट गेली, तर टॉवरच्या बॅटऱ्या किती तग धरणार. तेव्हा एखाद्या उंच जागी १२ व्होल्टच्या बॅटरीवर डिजिपीटर असला तर बोटीतला माणूस कुठाय ते सांगलीत बसून दिसंल. मला विचाराल तर मॅपवर दिसायची हौस सोडा आणि आधी डिजिपीटरसाठी माणसं जमवा, आणि हो, त्याची परवानगी रीतसर काढा.

मिरज_जंक्शन:
दंडोबाचा डोंगर बघा त्यासाठी, मिरजेच्या अंगाला बऱ्यापैकी मोकळं आहे. आणि तोवर हँडी तपासायचाय तर स्पेस स्टेशन पकडा, १४५.८२५, पाथमध्ये (पॅकेट कुणाकडनं पुढं जावं त्या सेटिंगमध्ये) एआरआयएसएस टाका. त्यांचा डिजिपीटर चालू असला आणि पास (स्टेशनचा फेरा) डोक्यावरनं असला तर ५ वॉट पुरतात, फक्त रबराच्या अँटेनाऐवजी हातातली यागी (एका दिशेला रोखायची अँटेना) घ्या. मग क्यूएआर दिसलं की स्क्रीनशॉट इथं टाका.