'सेल्फ-प्रोड्यूस्ड डेब्यू अल्बम'ला मराठीत काय म्हणावं?

गोदाकाठ :
भाच्याच्या बँडचा पहिला अल्बम तयार झालाय. पोरं चार, सगळी नाशिकचीच. इंदिरानगरच्या एका घरात मागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या टेकवून दोन पावसाळे बसली होती. प्रकार म्हणे 'एक्स्पेरिमेंटल प्रोग्रेसिव्ह मेटल'. मी मराठीची निवृत्त शिक्षिका. घरात कुणाला चार ओळी लागल्या की माझ्याच दारात येतात. बातमीचा मजकूर मी लिहून दिला, इंग्रजी शब्द देवनागरीत जसेच्या तसे ठेवून. छापून आलं ते असं : 'पुरोगामी धातू वाद्यवृंदाचा स्वनिर्मित पदार्पण ध्वनिसंच'. कुठल्या पेपरात ते विचारू नका. भाचा तेव्हापासून मला धातूमावशी म्हणतोय. ड्रमरच्या आजोबांनी तर बँड कोणत्या पक्षाचा आहे ते विचारलं.

आता कार्यक्रमाचं पत्रक छापायचंय, ते तरी धड व्हावं. मुख्य अडचण 'सेल्फ-प्रोड्यूस्ड'ची. 'स्वनिर्मित' मला खटकतं, पण का खटकतं ते नेमकं सांगता येत नाही. बाकीच्या शब्दांवरही बोला.

खडीवाला :
आमच्या धंद्यात मेटल म्हणजे खडी. वीस एमएमचं मेटल, चाळीस एमएमचं मेटल. ही बातमी आमच्या साइटवर कुणी वाचली असती तर मुकादमानं ट्रकची पावती मागितली असती. बाकी चालू द्या, वाचतोय.

तिसरी घंटा :
'पुरोगामी' करणाऱ्यानं कोश उघडला आणि पहिला शब्द उचलला. व्युत्पत्तीनं चूक नाही : पुरः म्हणजे पुढे, गामी म्हणजे जाणारा. पण हा शब्द मराठीत केव्हाच सभेच्या व्यासपीठावर जाऊन बसलाय आणि तिथून उठायला तयार नाही. 'प्रागतिक'ही नको, तो शंभर वर्षांपूर्वी मवाळ राजकारण्यांच्या वाट्याला गेला, तो गेलाच.

'एक्स्पेरिमेंटल'ला मात्र आपल्याकडे घरचा शब्द आहे. १९६० साली 'रंगायन' ही नाट्यसंस्था सुरू झाली, पुढे दादरच्या छबिलदास शाळेत नाटकं होऊ लागली आणि 'प्रायोगिक' हा शब्द त्या रंगभूमीला चिकटला. गंमत बघा, मराठीत नाटकाचा प्रत्येक खेळ हा 'प्रयोग'च. धंदेवाईक नाटकाचेही ५०० प्रयोग होतात. तरी 'प्रायोगिक नाटक' म्हटल्यावर कुणाचा गोंधळ उडत नाही. मी 'प्रयोगशील' माणसांना लावतो आणि 'प्रायोगिक' कलाकृतीला. म्हणजे बँड प्रयोगशील, अल्बम प्रायोगिक. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण कानाला असंच लागतं.

भांडीबाजार :
बाई, 'धातू' म्हटलं की तुमचे विद्यार्थी क्रियापदाचं मूळ सांगतील आणि वैद्यबुवा शरीरातले सात मोजतील. संगीत कुणालाच आठवणार नाही. आमच्या तीन पिढ्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत गेल्या. मठारकाम चालू असताना लहानपणी तिथेच झोप लागायची, एवढे ते ठोके एका लयीत पडायचे. त्यामुळे भाच्याचं संगीत मला परकं वाटणार नाही बहुतेक.

आणि या संगीताचं खऱ्या पत्र्याशी नातं आहे. ब्लॅक सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी इंग्लंडात बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतरा वर्षांचा असताना मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांना टोपणं केली. १९७० साली बँडचा पहिला अल्बम आला, पुढे तारा आणखी सैल करून त्यानं सूर खाली आणला. तो जड आवाज मग या प्रकाराची ओळखच होऊन बसला. नाव मात्र कारखान्यावरून पडलं असं समजू नका. स्टेपनवुल्फ या बँडच्या १९६८ च्या गाण्यात मोटारसायकलच्या गडगडाटाला 'हेवी मेटल' म्हटलंय, ते त्याआधीचं.

लेहरा :
मेटल हे नाव आहे, नावाचं भाषांतर करत नाहीत. ख्यालाला कुणी 'विचार' म्हणतं का?

प्रोग्रेसिव्हबद्दल मात्र थोडं लांबण लावतो. १९६० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडातल्या रॉकवाल्यांना कडवं-धृपद-कडवं या चौकटीचा कंटाळा आला. गाणी दहा-दहा मिनिटांची झाली, त्यांत पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या जागा आल्या, चारच्या ठेक्याऐवजी पाच, सात, अकरा आले. त्यातूनच पुढे प्रोग्रेसिव्ह मेटल निघालं. ड्रीम थिएटर हा त्यातला गाजलेला बँड १९८५ साली बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थ्यांनी सुरू केला. म्हणजे इथलं 'प्रोग्रेस' समाजाचं नाही, रचनेचं आहे. आपल्या गाण्यात याच्या जवळचा शब्द 'बढत'. एका कल्पनेतून पुढची काढत जायचं, आल्या वाटेनं परत फिरायचं नाही. पण 'बढतीचं मेटल' लिहिलंत तर लोकांना वाटेल ड्रमर हेडक्लार्क झाला. तेव्हा प्रोग्रेसिव्हच ठेवा आणि खाली एका ओळीत समजावून सांगा.

समजावताना आपले शब्द वापरायला मात्र लाजू नका. मी तबल्यावर बसतो. भाच्याच्या बँडसारख्या पोरांचं ऐकलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, नुसता दणदणाट. मग मोजायला लागलो. गिटार सात मात्रांत फिरत होती, ड्रमरची झांज चारात, आणि २८ मात्रांनी दोघं समेवर भेटत होते. माझ्या तोंडून 'वा' गेली. त्यांच्या साताला रूपक ताल मात्र म्हणू नका. रूपकाचे खंड तीन-दोन-दोन आणि सम 'खाली'वर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर, यांचे बऱ्याचदा चार-तीन. 'सात मात्रांचं आवर्तन' म्हणा, पुरे.

'रिफ'ला, म्हणजे गिटारवर फिरत राहणाऱ्या छोट्या सुरावटीला, लोक पालुपद म्हणतात ते मला पटत नाही. पालुपद गाण्यात परत परत येतं, रिफवर गाणं उभं असतं. तबला सोलोला पेटीवर एकच सुरावट आवर्तनभर फिरवत ठेवतात, तो लेहरा. रिफ म्हणजे लेहराच, फक्त पेटीवाल्याला राग आलेला.

गोदाकाठ :
शेवटचं वाक्य भाच्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, हेच पत्रकावर छाप. पण 'स्वनिर्मित'ला कुणी हात लावत नाहीये.

फेडर :
मी लावतो, पोट त्याच्यावरच आहे. रेकॉर्डिंगचं काम करतो.

बाई, तुम्हाला खटकतंय ते 'स्व' नाही, 'निर्मित' आहे. मराठीत निर्माता म्हणजे पैसे घालणारा. नाटकाचा निर्माता, सिनेमाचा निर्माता. अल्बमचा प्रोड्यूसर हा वेगळा प्राणी. कुठलं गाणं ठेवायचं, कुठलं कडवं कापायचं, गिटारचे किती थर चढवायचे, गाणाऱ्याकडून ओळ पाचव्यांदा म्हणून घ्यायची की तिसरीच बरी होती, हे ठरवणारा तो. सिनेमाच्या भाषेत सांगायचं तर दिग्दर्शक. त्यामुळे 'स्वनिर्मित' वाचून लोकांना कळतं की पोरांनी पैसे घातले. खरं सांगायचंय ते हे की आवाज कसा असावा हे पोरांनीच ठरवलं.

एक जुनं उदाहरण देतो. किंग क्रिमसनचा पहिला अल्बम, १९६९. बाहेरचा प्रोड्यूसर घेऊन सुरुवात केली, जमलं नाही, मग बँडनं स्वतःच तो सांभाळला. हा सेल्फ-प्रोड्यूस्ड डेब्यू. पण बाजारात आणला आयलंड या कंपनीनं. म्हणजे घडवणं स्वतःचं, प्रकाशन दुसऱ्याचं. उलटही होतं : पैसे स्वतःचे, प्रोड्यूसर भाड्याचा. 'स्वनिर्मित' या सगळ्यांना एकाच पिशवीत कोंबतो.

घरी केलेल्या मेटलमध्ये अजून एक खोच. ड्रम पुष्कळदा संगणकावर एकेक ठोका मांडून बनवतात, कारण खरा ड्रमसेट घरात नीट मुद्रित करायचा तर आठ-दहा माइक लागतात, शिवाय शेजारी. गिटार थेट वायरीनं आत घेतात, अँप्लिफायर सॉफ्टवेअरमधला. मग मिक्सिंग, म्हणजे कोण पुढे, कोण मागे, कोण डावीकडे. शेवटी मास्टरिंग, सगळ्या गाण्यांवरून एक सारखा हात. हे शेवटचं बरेच बँड बाहेर देतात, कारण दोन वर्षं तेच ऐकून स्वतःचे कान बधिर झालेले असतात. तेव्हा भाच्याला विचारा, यातलं काय काय तुम्ही केलंत?

सीबीएसजवळ :
फेडर यांच्या म्हणण्यात वकिली भर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा 'प्रोड्यूसर' म्हणजे ते तयार करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. नुसता पैसेवाला नाही आणि नुसता कानवालाही नाही. कायद्याच्या लेखी ध्वनिमुद्रणाचा 'ऑथर' तोच आणि प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क चालतो. चौघांनी मिळून केलं असेल तर चौघांची नावं आत्ताच कागदावर घ्या. बँड फुटतात. पत्रकाशी याचा संबंध नाही, पण आमच्याकडे लोक नेहमी उशिरा येतात म्हणून सांगितलं.

तिसरी घंटा :
मग विशेषण सोडा आणि क्रियापद वापरा. मराठीला 'स्व-' लावलेले समास फारसे पेलत नाहीत, सरकारी वाटतात. 'बँडनेच घडवलेला'. संगीत घडवणं म्हटलं की तांबटाची हातोडीही आली. पैशाला 'पदरमोड करून' आहेच. प्रकाशनाला 'स्वतःच प्रकाशित केलेला'. तीन कामांना तीन शब्द मराठीत आधीपासून पडून आहेत.

खडीवाला :
आणि 'पदार्पण'? मला तर पॅड बांधलेला माणूस दिसतो.

गोदाकाठ :
मलाही. शिवाय पदार्पण माणूस करतो, अल्बम नाही. 'पदार्पणाचा सामना' म्हणतात, 'पदार्पण सामना' नव्हे. मी 'पहिलावहिला' लिहिणार आहे. त्यात थोडं कौतुक डोकावतं, मावशीनं लिहिलंय म्हटल्यावर तेवढं असू दे. 'ध्वनिसंच' गेलाच. अल्बम म्हणजे लग्नाचे फोटो हे आपल्याकडे पक्कं असलं तरी गाण्यांचा अल्बमही सगळ्यांना कळतो. तोही मुळात तसाच, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या फोटोंच्या वहीसारख्या पाकिटांत घालून विकायचे, त्यावरून आलेला. 'वाद्यवृंद' वाचून लोक सतार शोधतील, म्हणून बँड. बँड म्हटलं की वरात आठवते हे मान्य.

तर मजकूर असा : 'नाशिकच्या प्रयोगशील प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचा पहिलावहिला अल्बम. पदरमोड करून बँडनेच घडवलेला.' खाली लेहराचं वाक्य.

फेडर :
झकास. फक्त ते विचारलंत का, काय काय तुम्ही केलंत म्हणून?

गोदाकाठ :
विचारलं, आणि मजकूर बदलावा लागतोय. वाजवणं, मुद्रण, मिक्सिंग पोरांचं. मास्टरिंग पुण्याला दिलं होतं. आणि पदरमोडीतला पदर पोरांचा नाहीच. ड्रमरच्या आजोबांनी मुदत ठेव मोडली होती, कुणाला न सांगता. आता त्यांना पत्रकात काय म्हणायचं, निर्माते?

फेडर :
नाटक-सिनेमाच्या हिशेबानं अगदी बरोबर.

गोदाकाठ :
फोन केला होता. नाव नको म्हणाले. फक्त तो पुरोगामी शब्द पुन्हा येत नाहीये ना, एवढं दोनदा विचारून घेतलं.