मदत हवी आहे: पुढचं बेअरिंग बदललं आणि एबीएसचा दिवा मागे लागला

पौडफाटा
गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक. डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग घोंघावत होतं, ते बाहेरून बदलून घेतलं. आवाज गेला, पण तेव्हापासून एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा पिच्छा सोडत नाही. चावी फिरवली की लागतो, दोन-तीन सेकंदांत विझतो. सोसायटीच्या गेटबाहेर पडून जरा वेग घेतला की पुन्हा लागतो, तो गाडी बंद करेपर्यंत. ब्रेक नेहमीसारखे लागतात. बॅटरीचं टर्मिनल काढून पाहिलं, उपयोग नाही. ब्लूटूथच्या स्वस्त स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड येत नाही. बेअरिंग घालणारे म्हणतात चाकाचा वेग मोजणारा सेन्सर गेलाय, नवा टाका. घरी जॅक, दोन स्टँड, पानासेट आणि मल्टीमीटर आहे. सेन्सर मागवू का, की आधी काही तपासता येईल?

दहाचा_पाना
मागवू नका. दिवा कधी लागतो यातच निम्मं उत्तर आहे. वायर तुटलेली असती तर एबीएसच्या संगणकाला ते चावी फिरवल्याबरोबर कळलं असतं आणि दिवा विझलाच नसता. तुमचा विझतो, म्हणजे सर्किट बहुधा शाबूत आहे. गाडी हलल्यावर तीन चाकांचा वेग येतो आणि चौथ्याचा येत नाही, तेव्हा तो पेटतो. बेअरिंग बदलल्यावर लगेच हे सुरू झालं असेल, तर पहिला संशय एकच: बेअरिंग उलटं दाबलंय.

आजकालच्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलवरच (धूळ-पाणी अडवणाऱ्या झाकणावरच) चुंबकीय पट्टी असते. तिच्यावर उत्तर-दक्षिण ध्रुव आळीपाळीने असतात आणि सेन्सर तेच वाचतो. ही बाजू सेन्सरकडे, म्हणजे गाडीच्या आतल्या अंगाला यायला हवी. उलटं बसलं तरी बेअरिंग मस्त फिरतं, आवाजही करत नाही. फक्त सेन्सरसमोर साधं सील येतं आणि त्याला काहीच दिसत नाही. नवा सेन्सर टाकला तरी तोही तितकाच आंधळा.

स्कॅनरचं म्हणाल तर ईएलएम ३२७ चिपवाले तुमच्यासारखे स्वस्त स्कॅनर सर्वसाधारण अ‍ॅपवर फक्त इंजिनाचे कोड वाचतात. एबीएसचं युनिट वेगळं. त्यासाठी तुमच्या कंपनीच्या गाड्यांचं एबीएस वाचणारं अ‍ॅप किंवा चांगला स्कॅनर लागतो. आणि एबीएसचे कोड बॅटरी काढून सहसा पुसले जात नाहीत, त्यामुळे ते टर्मिनल उगाच सैल करू नका.

ओली_ब्रेकपट्टी
मध्येच एक गोष्ट. फक्त पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक चालू असतात, पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबले तर चाकं लॉक होऊ शकतात. अंतर ठेवा, कात्रज किंवा ताम्हिणी घाट सध्या टाळा. त्याच्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी हलवू नका. आधी हँडब्रेक पूर्ण सुटलाय का आणि ब्रेक ऑइल किती आहे ते बघा. दोन्ही ठीक असूनही दोन्ही दिवे राहिले, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी ईबीडी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. ते घरी करायचं काम नाही.

पौडफाटा
लाल दिवा नाही. बेअरिंग न उघडता हे पडताळता येईल का?

दहाचा_पाना
येईल. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. पुढची बाजू उचलून गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नाही. गिअर न्यूट्रल.

आधी बघा की सेन्सर कुठे बघतोय. एक्सलच्या जॉइंटवर लोखंडी दातेरी चकती दिसली तर तुमच्या गाडीत ही चुंबकी पट्टी नाही, आणि वरचं सगळं बाद. मग चकती तडकलीय का, दात्यांत गंज भरलाय का, तेवढंच बघायचं. चकती नसेल तर पुढे.

ओहमवर सेन्सर मोजू नका. पट्टी वाचणारे सेन्सर ॲक्टिव्ह असतात, आत चिप असते. ओहमच्या आकड्याला तिथे अर्थ नाही, उलट मीटरचा करंट चिपला लागायचा. इंटरनेटवर 'हजार ओहम यायला हवेत' असं जे सर्रास लिहिलेलं असतं ते जुन्या, गुंडाळीच्या सेन्सरबद्दल आहे.

ॲक्टिव्ह सेन्सर करंटवर बोलतो: एका ध्रुवासमोर साधारण ७ मिलीअ‍ॅम्पिअर, दुसऱ्यासमोर १४. चावी बंद ठेवून मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकमागचा सेन्सरचा कनेक्टर सोडवा. एक पिन जंपर वायरने पलीकडच्या त्याच पिनला जोडा, दुसऱ्या पिनच्या मध्ये मीटर घाला, २०० मिलीअ‍ॅम्पिअरच्या रेंजवर, लाल प्रोब मिलीअ‍ॅम्पिअरच्या भोकात. प्रोब चुकून बॅटरीला किंवा बॉडीला टेकवलात तर मीटरचा फ्यूज गेलाच समजा. सगळं जोडून झाल्यावरच चावी चालू करा. सर्किट उघडं असताना चालू केलीत तर संगणक त्या सेन्सरचा पुरवठा तोडतो, मग चावी पुन्हा बंद-चालू करावी लागते.

आता चाक हाताने, अगदी सावकाश फिरवा. पट्टीवर ध्रुवांच्या साधारण चाळीस-पन्नास जोड्या असतात, म्हणजे एका फेरीत आकडा तितक्या वेळा ७ वरून १४ वर जाऊन परत येतो. घाईत फिरवलंत तर मीटर मधलाच काहीतरी सरासरी आकडा दाखवेल. इंजिन चालू करून गिअरमध्ये चाक फिरवायचा उद्योग करू नका, एक चाक फिरतंय आणि बाकीची उभी आहेत हे बघून संगणक आणखी एक कोड लिहून ठेवेल.

हेच उजव्या चाकावरही करा. खरा आधार त्या तुलनेचा.

पौडफाटा
केलं. उजवीकडे ७ आणि १४ आळीपाळीने, स्वच्छ. डावीकडे ७ वर ठाण मांडून बसलाय, चाक पूर्ण फिरवलं तरी हलत नाही.

दहाचा_पाना
म्हणजे पुरवठा पोचतोय आणि सेन्सर करंटही घेतोय, पण समोर ध्रुव बदलताना त्याला दिसत नाहीत. सेन्सर आतून अडकलाय ही शक्यता थोडी उरते, ती पुढच्या तपासणीत निकालात निघेल. चावी बंद करून सेन्सर काढा. बोल्ट बहुतेक दहाच्या पान्याचा. नकलमध्ये (बेअरिंग आणि सेन्सर ज्यात बसतात त्या लोखंडी भागात) सेन्सर गंजून बसलेला असतो, तेव्हा वायर धरून ओढू नका, तो तुटून टोक आतच राहील. गंज सोडवणारा स्प्रे मारा, अर्धा तास थांबा, सेन्सरचा कान (बोल्टचं भोक असलेला भाग) हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवत वर काढा.

मग स्टेपलरची पिन दोऱ्याला बांधून भोकातून खाली सोडा. दोरा हवाच, नाहीतर पिन आत पडायची. सील हलकं ओढून धरतंय का ते पाहा. टॉर्च मारली तर चुंबकी बाजू बहुधा काळपट, रबरासारखी दिसते, उलटी बाजू साध्या सीलची. चुंबकी टोकाचा स्क्रूड्रायव्हर किंवा चुंबक आसपास नेऊ नका, पट्टीवरचे ध्रुव बिघडतात.

पौडफाटा
पिन चिकटत नाही. आत चकचकीत पत्रा दिसतोय. आता तेच बेअरिंग काढून पलटवून बसवता येईल का?

प्रेस_आणि_लेथ
नाही. दाबून बसवलेलं बेअरिंग काढताना सगळा जोर गोळ्यांवरून जातो आणि आतल्या वाटीवर खळगे पडतात. तेच परत घातलंत तर घोंघाट पुन्हा सुरू. नवंच घ्या. पुण्यात नाना पेठेत घेणार असाल तर जुन्याचा नंबर दाखवून 'एबीएसवालं' असं स्पष्ट सांगा. त्याच मापाचं बिनपट्टीचंही मिळतं आणि डब्यावरून फरक पटकन कळत नाही. दुकानातच दोन्ही बाजूंना पिन लावून बघा, आणि चुंबकी बाजूवर मार्करने खूण करा.

प्रेसवाल्याला तीन गोष्टी सांगा. खुणेची बाजू गाडीच्या आतल्या अंगाला. नकलमध्ये बसवताना जोर बाहेरच्या कड्यावर. हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आत दाबताना खालून आधार आतल्या कड्याला. सर्क्लिप (बेअरिंग अडवून धरणारी कडी) खाचेत पूर्ण बसलीय ना, ते स्वतः डोळ्यांनी बघा. एक्सल नट नवा घ्या आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा, इम्पॅक्ट गनने अंदाजे नाही.

सेन्सर परत घालण्याआधी भोकातला गंज बारीक पॉलिश पेपरने काढा, लोखंडी चुरा पुसून घ्या. तो टोकाला चिकटला की सिग्नल पुन्हा गडबडतो.

काम झाल्यावर उभ्या गाडीत दिवा गेला नाही तर घाबरू नका. बऱ्याच गाड्यांत चारही चाकांचा वेग नीट आल्यावरच तो विझतो, म्हणजे साधारण ताशी २० किमीच्या पुढच्या वेगाने थोडं चालवावं लागतं. आणि बेअरिंग ज्यांनी घातलं त्यांच्याकडे परत जायचं असेल, तर मीटरचा दोन्ही चाकांचा व्हिडिओ काढून न्या. मजुरी माफ होवो न होवो, सेन्सर तरी गळ्यात मारणार नाहीत.