सॅमीज कोशर नव्हतं

न्यूयॉर्कच्या सॅमीज रोमेनियन या खानावळीचा उल्लेख कुणीतरी 'कोशर स्टेकहाउस', म्हणजे ज्यू धर्माचे आहारनियम पाळणारी स्टेकची जागा, असा केलाय, म्हणून हा खुलासा. पदार्थ पूर्व युरोपातल्या ज्यूंचे, पण जागा कोशर नव्हती. भरपेट मांसाहारानंतर टेबलावरच दूध, सोडा नि चॉकलेट सिरप ढवळून एग क्रीम नावाचं पेय व्हायचं. मांसासोबत दूध कोशरमध्ये चालतच नाही.

१९७५ पासून क्रिस्टी स्ट्रीटवरचं तळघर. प्रत्येक टेबलावर सिरपच्या बाटलीत कोंबडीची वितळवलेली चरबी, म्हणजे श्माल्ट्स. चिरलेल्या कलेजीत वेटर ती तुमच्यासमोर सढळ हाताने ओतून कालवायचा. आणि लसूण थापलेला, ताटाबाहेर लोंबणारा स्कर्ट स्टेक, म्हणजे गोमांसाचा लांबट तुकडा! असली दिलदार खानावळ विरळाच.

२०२१ च्या जानेवारीत, कोविडकाळात, तळघर बंद झालं. २०२४ मध्ये स्टँटन स्ट्रीटवर सॅमीज पुन्हा उघडलं, याचा मला मनापासून आनंद आहे.