ढिला पीळ, मोठी जखम? पुरे करा आता

घाटावरचा
काल इथे एक पोस्ट वाचली. म्हणे, एम-16 या अमेरिकी रायफलच्या पहिल्या नळीला 14 इंचांत एक फेरा असा ढिला पीळ (गोळीला गरगर फिरवणाऱ्या नळीतल्या खाचांचं वळण) होता, म्हणून गोळी हवेत कोलांट्या खात जायची आणि अख्खा हात तोडायची. पुढे 7 इंचांत एक फेरा केला आणि ती सुईसारखी आरपार जायला लागली. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग!
अरे, हवेत कोलांट्या खाणारी गोळी टार्गेटच्या कागदाला तरी लागेल का? मांस हवेच्या शेकडो पट दाट. पीळ 7चा असो नाहीतर 14चा, टोकदार गोळी आत शिरली की आडवी होणारच. एम193, म्हणजे एम-16ची जुनी गोळी, त्या वेळी वेगात असेल तर स्वतःच्या कमरेवरच्या खाचेपाशी मोडते, तुकडे होतात, म्हणून जखम मोठी. अमेरिकी लष्कराचे सर्जन फॅक्लर यांनी 1980च्या दशकात जिलेटिनच्या ठोकळ्यांत गोळ्या झाडून हे दाखवलंय.

तोफखाना
ती पोस्ट माझी आहे. नाव घ्यायला जड जातं का? मग 14चा 12 कशाला केला, तेही सांगून टाका.

घाटावरचा
थंडीमुळे. उणे 54 अंशांत हवा दाट होते, गोळी डगमगायला लागली, म्हणून 1963मध्ये 12 ठरला. जखमेचा संबंध नाही. 7 आला 1980नंतर, नाटोच्या एसएस109 गोळीबरोबर. त्या 62 ग्रेनच्या (4 ग्रॅम) गोळीला 9 पुरतो हो, 7 लागला तो ट्रेसरसाठी, म्हणजे जळत जाऊन वाट दाखवणाऱ्या गोळीसाठी. एम856 ट्रेसर 29 मिमीच्या आसपास, एम193 जेमतेम 19. पीळ ठरतो लांबीवर, वजनावर नाही. किती पीळ हवा ते सांगणारं ग्रीनहिलचं सूत्र 1879चं आहे, कालचं नाही.

बर्फातला
म्हणजे सियाचीनवर आपल्या पोरांना जास्त पिळाची नळी हवी! पण दिल्लीत कोण ऐकतो?

खडकीकर
उलट आहे. 18,000 फुटांवर हवेचा दाब निम्मा. उणे 40 धरलं तरी हवा समुद्रसपाटीपेक्षा विरळच, गोळी जास्तच स्थिर. सगळ्याचं खापर दिल्लीवर नको.

नाना_निवृत्त
पिळाचं काय घेऊन बसलात? आपल्या लष्कराची जुनी एसएलआर रायफल काढून पाच-छप्पन्नची (5.56 मिमी) इन्सास हातात दिली, तिथेच घोडं पेंड खाल्लं. एसएलआरची सात-बासष्ठ (7.62 मिमी) गोळी लागली की माणूस परत उठत नाही.

खडकीकर
नाना, एसएलआर लोड केली की पाच किलोचं धूड. आणि पाच-छप्पन्नच्या दोन गोळ्या तुमच्या एका गोळीच्या वजनात येतात. दिवसभर डोंगर चढणाऱ्याला विचारा.

नाना_निवृत्त
मी चढलोय. तुमची इन्सास तरी कुठे पिसासारखी होती? चार किलोच्या वरच की. उगाच शिकवू नका.

तोफखाना
पाच-छप्पन्नचा हेतूच वेगळा. एक जखमी केला की त्याला उचलायला दोघं अडकतात.

घाटावरचा
ही दुसरी लोणकढी. ही गोळी घेतली ती हलकी, कमी धक्क्याची, जास्त नेता येते म्हणून. एसएस109 घेताना अट काय होती? 600 मीटरवर पोलादी पत्रा भेदायचा. जखमी करायला पत्रा कशाला भेदायचा?

नाना_निवृत्त
कोलांट्यांबद्दल सांगतो. बटमध्ये, म्हणजे टार्गेटखालच्या खंदकात, बसून आम्ही भोकांवर कागदाचे तुकडे चिकटवायचो. झिजलेल्या नळीची रायफल आली की भोक गोल नसायचं, आडवं, बोटाच्या पेराएवढं. तुकडा पुरायचा नाही. आणि ग्रुपिंग? सुपात दाणे उधळल्यागत. असली रायफल घेऊन कुणी लढाईला जाईल का?

तोफखाना
बरं, हवेतल्या कोलांट्या मागे घेतल्या, खूश? पण 12च्या नळीतून एसएस109 मारली तर ती डगमगतेच. म्हणजे अर्धा तरी बरोबर होतो.

घाटावरचा
डगमगते, आणि म्हणूनच शत्रू वाचतो. त्या अर्ध्याबद्दल अभिनंदन. पोस्ट दुरुस्त करा.

नाना_निवृत्त
2019मध्ये लष्कराने सिग 716 रायफल घेतली, ती कितीची? सात-बासष्ठच ना? त्यावर कुणी तोंड उघडत नाही.

खडकीकर
उघडतो की. ती सगळ्यांना दिलेली नाही, नाना.