खाऱ्या हवेत लटकता दिवा निवडताना

मालवणजवळच्या किनाऱ्यावरच्या देवबागला नवं घर झालंय, तिथे डायनिंग टेबलावर सोनेरी धातूचा पेंडंट, म्हणजे छतावरून लटकणारा दिवा, घ्यावा का, असं एकाने विचारलंय. डिझाइन नंतर पाहा, आधी धातू पाहा. किनाऱ्यालगत सोनेरी मुलाम्याखालचं लोखंड लवकर गंजतं, आणि गंज सुरू होतो तो छताजवळच्या वाटीच्या स्क्रूपासून, म्हणजे खालून दिसतच नाही. चुंबक लावून बघा. चिकटला तर तो दिवा घेऊ नका. पितळ काळवंडतं, पण टिकतं. स्टीलच हवं असेल तर स्टेनलेस स्टीलचा ३१६ ग्रेड मागा. त्यातल्या मॉलिब्डेनममुळे मिठाला ते नेहमीच्या ३०४ ग्रेडपेक्षा चांगलं तोंड देतं.

माझी पसंती काच किंवा चिनी मातीच्या शेडला. ओल्या फडक्याने पुसली की काम झालं. बांबूची शेड फार देखणी दिसते, कुडाळकडे बांबूचं कामही उत्तम होतं. पण बोरॅक्स-बोरिक अॅसिडची प्रक्रिया केलेलीच घ्या, नाहीतर भुंगा लागतो. शिवाय पावसाळ्यात बुरशी पुसत राहावी लागेल, ही तयारी हवी.

टेबलापासून शेडच्या कडेपर्यंत ७५ ते ९० सेंमी अंतर ठेवा. समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा वाहत असेल तर वायरऐवजी दांडीवरचा घ्या, झुलणार नाही. उजेडाचा रंग २७०० ते ३००० केल्विन, म्हणजे उबदार पिवळसर. त्या उजेडात सोलकढीचा गुलाबी रंग नीट दिसायला बल्बचा सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९० च्या आसपास हवा.

आणि एलईडी आतच बसवलेला दिवा शक्यतो टाळा, त्यात नुसता बल्ब बदलता येत नाही. साधा बी२२ होल्डर (दोन पिनांचा, दाबून फिरवायचा) असला की बल्ब मालवणच्या बाजारातही मिळतो.