वय नव्हे, गाठ आणि तब्येत बघा

स्तनाच्या कर्करोगात 'पंचाहत्तरीनंतर ऑपरेशन कशाला, नुसत्या गोळ्या द्या' असं एक मत ऐकलं, ते मला पटलं नाही. तब्येत बरी असेल तर स्तनाचं ऑपरेशन या वयातही बहुतेकींना झेपतं. टॅमॉक्सिफेन या हार्मोन रोखणाऱ्या नुसत्या गोळीवर गाठ काही काळ आक्रसते, पण पुढे ती पुन्हा वाढण्याचा धोका बराच जास्त.

ऑपरेशननंतरच्या रेडिएशनचं मात्र वेगळं आहे. प्राइम २ या चाचणीत ६५ वर्षं वा त्यापुढच्या स्त्रिया होत्या. गाठ लहान, हार्मोनला प्रतिसाद देणारी, काखेत न पसरलेली, आणि स्तन राखून काढलेली. हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या सगळ्यांनाच. १० वर्षांत त्याच स्तनात कर्करोग उलटला तो रेडिएशन घेतलेल्यांपैकी सुमारे १ टक्का आणि न घेतलेल्यांपैकी सुमारे ९.५ टक्के जणींत. हयात राहण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास ८१ टक्के!

म्हणजे अशा गाठीत रेडिएशन टाळण्याचा विचार करता येतो, पण मग गोळ्या निदान ५ वर्षं नेमाने घ्यायला हव्यात. सांधेदुखीला कंटाळून कित्येकजणी त्या परस्पर बंद करतात, याची मला जास्त काळजी वाटते. डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. आणि कृपा करून, हे सगळं ठरवताना आजींना खोलीबाहेर बसवू नका.